टपरी आणि तिचे अंतर

पानटपरी ही चार पायांवर किंवा चार चाकांवर उभी असलेली, एक माणूस बसता मावेल एवढी पत्र्याची खोली होय. तिला गिऱ्हाइकासाठी दार नसते, कारण गिऱ्हाईक आत जात नाही. वरून पुड्यांच्या माळा लोंबतात, समोर बरण्या, बाजूला चुन्याची डबी आणि खांबाला दोरीने बांधलेला लायटर किंवा सावकाश धुमसणारा सुंभ. सिगारेट घेणे आणि ती पेटवणे यांच्यामध्ये माणसाला विचार करायला वेळ मिळू नये, एवढ्यासाठीच ही सोय असते. टपरी कुठे असावी, हा प्रश्न समाजशास्त्राचा मानला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो भूमितीचा आहे.

ही भूमिती २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येप्रमाणे मोजावे, असा खुलासा पुढे नियमांत करण्यात आला. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर.

देशात मेट्रिक मापे आणणारा कायदा १९५६ चा. त्यानंतर ४७ वर्षांनी मुलांचे रक्षण करायची वेळ आली, तेव्हा यार्ड आठवला. ज्या मुलांचे रक्षण करायचे, ती यार्डात मोजत नाहीत. टपरीवाला मोजत नाही. तपासायला आलेल्या माणसाच्या खिशातली टेप मीटरची असते, त्यामुळे ९१ मीटर संपल्यावर उरलेल्या ४४ सेंटिमीटरचे काय करायचे, हे त्याला त्याच्या विवेकबुद्धीवर सोडावे लागते. शिवाय त्रिज्या सरळ जाते आणि तपासनीस रस्त्याने जातो. त्रिज्या मधल्या इमारतीच्या भिंतीतून, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून, गटारावरून आणि उभ्या रिक्षांच्या टपांवरून आरपार जाते, आणि तिच्यामागून टेप ओढत जाणारा तपासनीस अजून कुणी पाहिलेला नाही. टपरीला चाके असली तर प्रश्न अधिक सोपा होतो: मोजणीच्या दिवशी ती ९२व्या मीटरवर असते आणि शाळा सुटायच्या वेळी पुन्हा आपल्या जागी. कोणत्याही मध्यम शहराच्या नकाशावर प्रत्येक शाळा-महाविद्यालयाभोवती अशी वर्तुळे काढून पाहावीत. वर्तुळात वर्तुळ शिरते, गावठाणात तर टपरीला कायदेशीर जागाच उरत नाही. टपऱ्या मात्र उरतात. भूमितीत ज्याला जागा नाही, त्याला फुटपाथवर असते.

दंडाचे कोष्टकही अभ्यासण्यासारखे आहे. शंभर यार्डांच्या आत सिगारेट विकली तर २०० रुपयांपर्यंत दंड. कापड दुकानदाराने मात्र गिऱ्हाइकाला मीटरऐवजी यार्डाचा भाव सांगितला, तर २००९ च्या वजनमाप कायद्याने त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड लिहून ठेवला. म्हणजे यार्डाच्या आत तंबाखू विकण्यापेक्षा यार्ड हा शब्द भावाच्या पाटीवर लिहिणे पन्नासपट गंभीर. टपरीवाल्याने पाटी लावू नये, एवढाच यातून बोध निघतो, आणि तो त्याने कधीच घेतलेला आहे.

येथवरचा सगळा बंदोबस्त १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी व विद्यार्थ्यांसाठी आहे. अठराव्या वाढदिवसानंतर नागरिक प्रौढ होतो आणि अंतराचा त्याच्यावर परिणाम होणे थांबते, असे कायदा गृहीत धरतो. प्रौढ माणूस सिगारेट पूर्ण विचाराने, फायदे-तोटे तोलून ओढतो. टपरी इमारतीखाली आहे की पुढच्या चौकात, याने त्याच्या निर्णयात फरक पडत नाही. ज्याने दुपारी चार वाजता कचेरीतल्या सहकाऱ्याचे ‘चल, खाली जाऊन येऊ’ हे वाक्य ऐकले आहे, त्याला हे गृहीतक किती खोल आहे ते कळेल. ‘खाली’ म्हणजे टपरी. तिथे जाताना कुणी सिगारेट ओढायचे ठरवलेले नसते. चहा प्यायचा असतो, साहेबांविषयी बोलायचे असते. सोडलेल्याला पुन्हा धरायला लावणारी गोष्ट मोहाची नसून शेजाराची असते: परिचित बरणी, परिचित वास, आणि हात पुढे केला की पोचेल एवढा तो लायटर. टपरी चार चौक लांब असती, तर निम्मे जण साहेबांविषयी जिन्यातच बोलून परतले असते.

यावर टपरीवाल्यांचा एक जुना युक्तिवाद आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. टपरीमुळे लोक ओढत नाहीत. लोक ओढतात म्हणून तिथे टपरी येते. या विषयावरच्या पुष्कळशा पाहण्या एकदाच केलेल्या असतात, आणि गरीब वस्तीत दुकानेही जास्त व ओढणारेही जास्त, त्यामुळे कशामुळे काय हे त्यांच्यातून सांगता येत नाही. म्हणून फिनलंडमधल्या संशोधकांनी त्याच प्रौढ माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवला आणि घरापासून सर्वांत जवळच्या तंबाखूच्या दुकानाचे अंतर बदलले की काय होते, ते पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अंतर ५०० मीटरने वाढले की सिगारेट सुटण्याची शक्यता, गटागणिक, १६ ते ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मोजमाप मीटरमध्ये होते.

आपल्याकडे हा प्रयोग करता येत नाही, कारण घरापासून ५०० मीटर चालत गेल्यावर माणूस पहिल्या टपरीपासून लांब जातो तो सातव्या टपरीजवळ पोचतो. महाराष्ट्राचे आकडेही वरवर टपरीच्या बाजूने साक्ष देतात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. एवढ्या टपऱ्या आणि एवढेच ओढणारे! पण त्याच सर्वेक्षणात चघळणारे, मळणारे, दाढेखाली ठेवणारे २४.४ टक्के होते. टपरीचा धूर कमी आहे याचे कारण तिची माळ लांब आहे, एवढाच याचा अर्थ.

जवळ असण्याखेरीज टपरीचा दुसरा गुण म्हणजे ती सिगारेट सुटी विकते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र असावे, हा नियम २०१६ पासून अमलात आला. ते चित्र टपरीवाल्यासाठी आहे. दिवसभर तोच ते पाहतो. गिऱ्हाइकाच्या हातात येते ती पांढरीशुभ्र, निर्दोष, एकटी सिगारेट. २०२० मध्ये महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आली. एक सिगारेट मागून पाहिल्यास या बंदीची अंमलबजावणी कशी चालते ते समजते. सुटे पैसे नसतील तर बाकीची गोळी मिळते.

आता रुग्णालय. रुग्णालयाला यार्ड नाहीत. एकही नाही. शंभर यार्डांची त्रिज्या शैक्षणिक संस्थांपुरती आहे, त्यामुळे दवाखान्याच्या फाटकाला खेटून उभी असलेली टपरी या कलमाच्या दृष्टीने निष्कलंक आहे. आत डॉक्टर एका दमेकऱ्याला बजावून सांगतात, आजपासून बंद. तो मान हलवतो, मनापासून हलवतो, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच पहिली वस्तू दिसते ती लोंबणारी माळ. निकोटिनची ४ मिलिग्रॅमची गोळी हवी तर चिठ्ठी लागते, रात्री औषधांचे दुकान बंद असते, कधी माल संपलेला असतो. सिगारेटला चिठ्ठी लागत नाही आणि तिचा माल संपलेला अद्याप कुणी ऐकलेला नाही. सोडण्याचे औषध लांब आणि व्यसन फाटकात, अशी मांडणी कुणी मुद्दाम केली असती तर त्याला राक्षस म्हटले असते. ती आपोआप झाली म्हणून तिला फुटपाथ म्हणतात. हा निष्काळजीपणा लाजिरवाणा आहे, आणि तो यार्डात मोजा की मीटरमध्ये, तेवढाच भरतो.

इतरत्र दुकानांची संख्याच कमी करण्याचे उपाय झाले आहेत. हंगेरीने २०१३ मध्ये तंबाखूची विक्री खास परवानाधारक दुकानांपुरती ठेवली आणि सुमारे ४०,००० दुकानांची संख्या काही हजारांवर आणली. सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ च्या नियमाने शहराच्या प्रत्येक प्रभागात ४५ परवान्यांची कमाल मर्यादा ठरली. जुनी दुकाने राहिली, पण मर्यादेच्या वर असलेल्या भागात बंद पडलेल्याच्या जागी नवे निघत नाही. आपल्याकडे तंबाखू विकायला देशभर लागू असा वेगळा परवानाच नाही, त्यामुळे किती टपऱ्या आहेत हे मोजायलाही कुठली नोंदवही नाही. परवाना यायला वेळ लागेल. तोवर रुग्णालयांच्या फाटकांसमोरच्या टपऱ्या तरी हलवाव्यात. त्याला कुठला अभ्यास लागत नाही आणि टेपही लागत नाही.