अप्पांची वेळ

पंच्याहत्तरी गाठलेल्या सासऱ्यांना भेट काय द्यावी? शाली त्यांच्याकडे इतक्या जमल्यात, की कपाट उघडलं की सत्कार अंगावर कोसळतो. मोबाइल दिला तर तो शिकवावा लागतो, आणि अप्पांना काही शिकवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. शेवटी बायकोने ट्रंकेतून तिच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ काढलं आणि म्हणाली, “हे चालू करून आण.” जणू मिक्सरच.

आजोबा जी.आय.पी. रेल्वेत गार्ड. पांढऱ्याशुभ्र तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’, खाली मुंबई नि कलकत्ता ही गावं, आणि आतलं यंत्र स्वित्झर्लंडचं. काटे मात्र पावणेचारावर ठाण मांडून बसलेले.

घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, “बॅलन्स गेलाय.” माझा की घड्याळाचा, ते सांगितलं नाही. मग मलाही भिंग दिलं. पुढेमागे झुलणाऱ्या चक्राचा आस, त्याची टोकं केसाएवढी, ती माणकाच्या भोकांत बसायची. घड्याळ हातातून पडलं की पहिली मोडतात ती हीच. नवा भाग मिळत नाही, म्हणून त्यांनी बिस्किटांचा डबा उपडा केला. आत नुसती मेलेली घड्याळं. “यातला एखादा दाता जुळला पाहिजे,” ते म्हणाले. झालं, आमचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. मी अधूनमधून फोन करून पेशंटची चौकशी करायचो, ते डॉक्टरसारखेच “बघू” म्हणायचे.

दाता मिळाला. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुऊन, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल देऊन घड्याळ पुन्हा बोलू लागलं. सेकंदाला पाच टिकटिक, म्हणजे तासाला १८,०००. यात हजारामागे एक टिकटिक कमी पडली, तरी दिवसाला जवळजवळ दीड मिनिट मागे. पोराला ९९.९ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. घड्याळाला तेवढेच मिळाले तर लोकल चुकते.

घरी आल्यावर मेहुण्याने फोटो काढायला ते ब्लूटूथ स्पीकरवर ठेवलं. झालं, घड्याळ सुसाट सुटलं. स्पीकरमधल्या चुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळतं. पुन्हा जिन्याखाली. घड्याळजींनी एका यंत्रावरून ते फिरवलं आणि त्याच्या अंगातलं काढलं. पैसेही घेतले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं, ते जास्त महाग पडलं.

समारंभात अप्पांनी घड्याळ कानाला लावलं, किल्ली दिली, आणि सगळ्यांचे डोळे पाणावायच्या आत म्हणाले, “मागे आहे.”

मी इतिहास काढला. म्हटलं, “अप्पा, १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ कित्येक दशकं सोडली नव्हती. चांगली ३९ मिनिटं मागे! हे घड्याळही जुनं मुंबईकरच की.”

“मागे शहर होतं, जावईबापू,” अप्पा म्हणाले. “रेल्वे प्रमाणवेळेवरच धावायची. गार्डाचं घड्याळ आहे हे.”

तेव्हापासून त्यांनी एक वही केली आहे. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांशी घड्याळ लावायचं, फरक टिपायचा आणि मला फोन करायचा. ‘कसे आहात’ वगैरे काही नाही. “आज अडतीस सेकंद.” पाऊस पडला की जास्त, असं त्यांचं निरीक्षण, त्यावर माझं मत विचारतात आणि ते ऐकायच्या आत फोन ठेवतात.

परवा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. मला वाटलं, तक्रार असणार.

“चहाला उशीर झाला की आधी मला बोलायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “आता दिवसभर त्या घड्याळाला बोलतात. तुमच्या त्या घड्याळजींकडे असली आणखी दोन-तीन मिळतील का, विचारा ना.”