प्रेक्षकांनी पगडी सोबत आणावी

न्यूयॉर्कला २०११ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत 'स्लीप नो मोर' नावाचं नाटक चाललं. मॅकबेथचीच कथा, पण खुर्च्या नाहीत. पांढरा मुखवटा चढवून प्रेक्षकाने मजल्यामजल्यावर हिंडायचं, पात्रांच्या मागे जिने चढायचे, वाटलं तर टेबलाचे खण उघडून बघायचे. जागा म्हणजे जुनी गोदामं. त्यांना सांगण्यासारखा इतिहास नव्हता, म्हणून १९३९ सालचं एक हॉटेल कल्पनेनेच उभं केलं.

आपल्या पट्ट्यात काम सोपं आहे. इतिहास हजर आहे, गोदामंही हजर आहेत, फक्त दोन्ही एकाच गट नंबरात आहेत.

तेव्हा चऱ्होलीतल्या एखाद्या उरल्यासुरल्या वाड्यात 'पेशवाईतली एक संध्याकाळ' करावी, असा माझा जाहीर प्रस्ताव. घाई एवढ्याचसाठी, की १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं तेव्हापासून वाडे घटले आणि विंगा वाढल्या. जो वाडा धरू त्याच्या प्रॉपर्टी कार्डावर वीस-बावीस नावं असणार आणि थोरल्या-धाकट्या पातीत बोलणं नसणार. दरबार थोरल्यांच्या ओसरीवर भरेल. पण सरदारांना मुजरा करून बाहेर पडायला धाकट्यांच्या चौकातून जावं लागेल, आणि तिथं वाटेत मोटरसायकल मुद्दाम आडवी लावलेली असेल. ती हलवू नये. भाऊबंदकीशिवाय पेशवाई दाखवली तर इतिहासाचा विपर्यास होईल.

प्रेक्षकाला नाटकात ओढायची चिंता नको. यात्रेतल्या वगात राजाने राज्याची हालहवाल विचारली की प्रधानाच्या आधी पुढच्या रांगेतला गडी डीपी जळाल्याचं सांगतो. नारायणगावच्या फडांना हे इमर्सिव्ह का काय म्हणतात ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याचं वेगळं तिकीट लावायचं तेवढं त्यांना सुचलं नाही. वेशभूषेलाही खर्च नाही. आळंदीच्या कुठल्याही मंगल कार्यालयातून निघालेलं वऱ्हाड जसंच्या तसं आत घ्यावं: फेटे, तुताऱ्या, नवऱ्याच्या हातात कट्यार, नऊवारीतल्या करवल्या, वर ड्रोन. ड्रोन तेवढा दिंडीदरवाजाबाहेर ठेवावा.

भव्यतेचा मात्र सवाल आहे. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी १९८५ साली 'जाणता राजा' काढलं, तेव्हापासून खरे हत्ती-घोडे दिसल्याशिवाय आपल्याला इतिहास पटत नाही. २०२३ साली पिंपरीच्या एचए मैदानावर 'शिवपुत्र संभाजी' झालं, त्यात तर आमचे खासदार अमोल कोल्हे स्वतःच संभाजीराजे. लोकप्रतिनिधी मतदारांसमोर इतका वेळ सलग उभा, हा योग एरवी पाच वर्षांतून एकदाच येतो.

वाड्यात हत्ती मावायचा नाही, ते ठीक. पण चाकणकडून येणारे नट वेळेवर पोचणार कसे? १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाहिस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. खान आज आला असता तर तळेगाव चौकातच अडकला असता आणि फिरंगोजींना दारूगोळा काढावाच लागला नसता.

नेपथ्यातली काही दृश्यं फुकटात होतील. नदीकाठच्या प्रवेशाला ढग हवेत, तर इंद्रायणीवर सांडपाण्याचा पांढराशुभ्र फेस येतो तो दिवस धरावा. वास येईल. पण प्रेक्षकाला त्या काळात बुडवायचं म्हणजे नाकालाही कामाला लावायला हवं. काळ कोणता, हे पत्रिकेत छापू नये म्हणजे झालं.

बिल्डरला दिवाळीपर्यंत थांबायची विनंती करावी. तो थांबेल, त्यालाही जाहिरातीला फोटो लागतातच. पुढे त्याच जागेवर बावीस मजले उठतील. प्रवेशद्वाराला फायबरचे बुरूज, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या तोफा, वॉचमनला अंगरखा. तिथं हाच प्रयोग कायमचा सुरू राहील, मेन्टेनन्स वेगळा.

वेळ सायंकाळी सहा. सहा ते साडेआठ मान्यवरांना शाल-श्रीफळ. पेशव्यांना वस्त्रं द्यायचा प्रवेश त्यानंतर दहा मिनिटांत उरकून घेऊ. तिकीट पाचशे रुपये. पास कोणाकडे मागायचा, ते ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं असेलच.