चाराचे सार, साताचे हात

केळवे-माहीमच्या वाडीतली एखादी आजी ‘पासची गाडी’ म्हणाली, तर तिच्या मनात रेल्वेचा पास नसतो. गाडी पाचची असते. तिचे ‘सार आणे’ म्हणजे चार आणे, त्यांचा आमसुलाच्या साराशी संबंध नाही. आणि ‘हात वाजले’ म्हणजे कोणी टाळी दिलेली नसते, सात वाजलेले असतात. पालघर तालुक्यातली ही वाडवळी बोली पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, बोलणाऱ्याच्या तोंडात विडा असावा. विडा असेलही, पण हिशेब चोख आहे. च असेल तिथे स, आणि स असेल तिथे ह. वसईकडच्या कादोडीचाही हाच खाक्या.

खरी गंमत पुढेच आहे. च येऊन स च्या जागेवर बसला, तरी दोघांची टक्कर होत नाही, कारण स तोवर उठून पुढे गेलेला असतो. डहाणू लोकलमध्ये याहून वेगळे काय होते? २०१३ साली विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि ‘जरा सरका’ हा मंत्रही तिच्याबरोबर आला. कोणी तो म्हटला की खिडकीपासून सगळा बाक वीतभर सरकतो आणि शेवटचा माणूस चौथ्या सीटवर अर्धा आत, अर्धा बाहेर बसतो. अक्षरांच्या बाकावर ही चौथी सीट ह च्या वाट्याला आलेली आहे. त्याला पुढे सरकायला जागाच नाही. म्हणून सात आणि हात यांना एकाच उच्चारात मांडी घालावी लागते. ‘हात हात’ कापड मागितले की नवखा माणूस गांगरतो. जुना दुकानदार मात्र बरोबर सात हात कापतो आणि पैसेही साताचेच घेतो.

सासू या शब्दात तर दोन्हीकडे स. तिची होते हाहू. बाकीच्या महाराष्ट्रातल्या सुना सासूचे नाव काढताना सुस्कारा सोडतात, इथली सून निदान उच्चारापुरती हसते. सुरतेकडच्या बोलीतही सासूची हाहू होतेच. तलासरीच्या पुढे राज्य बदलते, पण या ह ला नाक्यावर कोणी अडवत नाही.

शाळेत मात्र हा सगळा हिशेब ‘अशुद्ध’ या एकाच खात्यात जमा होतो. मुले वर्गात ‘सात’ म्हणायला शिकतात, घरी ‘हात’ म्हणतात आणि शहरातला पाहुणा आला की घरीही गप्प बसतात. हसणाऱ्या पाहुण्याने खरे तर आपल्या मोटारसायकलच्या हप्त्याकडे पाहावे. संस्कृतात जे सप्त, तेच इराणात हफ्त झाले, त्यातून सात दिवसांचा हफ्ता निघाला आणि आपल्याकडे येऊन हप्ता झाला. तो आपण महिन्यातून एकदा भरतो, ही आणखी वेगळी करामत. सिंधूचा हिंदू झाला तोही याच वाटेने. इराणने अडीच हजार वर्षांपूर्वीच जे करून ठेवले, तेच माहीमची आजी करते. फरक एवढाच, की इराणकडे साम्राज्य होते आणि आजीकडे पानवेल आहे. साम्राज्याने केले की तो इतिहास होतो, आजीने केले की उच्चारदोष.

हा दोष नव्हे, बोली आहे, हे इंग्रजी अमदानीत भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनसाहेबाला कळले होते. त्याच्या भाषा-पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वाडवळी आहे, मांगेली आहे, वारलीही आहे. नमुन्यासाठी त्याने जागोजागी एकच गोष्ट वापरली, बायबलातल्या उधळ्या मुलाची. एकाच बापाचा पैसा इतक्या बोलींत उधळला गेल्याचे दुसरे उदाहरण नसेल.

पुढे १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली, औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरच्या शेअर रिक्षात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा मांडीला मांडी लावून बसले. तिथे चालते ती हिंदी ना लखनौची, ना मुंबईची. ‘भाऊ, नाके पे उतारो’ या वाक्याचे व्याकरण कुठल्याच पुस्तकात बसणार नाही, पण रिक्षा बरोबर नाक्यावर थांबते.

हे झाले घरचे. आता ऐकायला अगदी परकी अशी एक भाषा घेऊ. अवघड भाषा म्हणून जगात फिनिशचा दबदबा मोठा. विभक्त्या पंधरा. आणि एका कान्याचा फरक असा, की ‘तपान’ म्हटले तर ‘मी भेटतो’ आणि ‘तपन’ म्हटले तर ‘मी ठार मारतो’. नोकरीसाठी हेलसिंकीला गेलेल्या मराठी मुलाने ‘उद्या भेटतो’ म्हणताना कान्याची कंजुषी केली, तर मित्र पोलीस ठाण्यात. पण ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. शंभराला ती ‘सता’ म्हणते. हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी शेजाऱ्यांकडून उसना नेलेला हा आपल्या ‘शत’चा भाऊबंद, ते शंभर अजून परत आलेले नाहीत. ‘नाही’ला ती माणसागणिक वेगळे रूप देते, आपणही ‘तू नाहीस, ते नाहीत’ म्हणतोच. शिवाय अस्सल फिनिश शब्दांत च हा उच्चारच नाही. म्हणजे एखादा फिनिश माणूस चिंचणीला उतरला आणि त्याने गावाचे नाव ‘सिंसनी’ घेतले, तर पाहुणे हसतील. गावातले म्हातारे मात्र विचारतील, हा कोणाचा जावई?

बोलीला हसायला हरकत नाहीच. इथली माणसेही हसतात. मांगेली बोलणारा वाडवळीला हसतो, वाडवळी बोलणारा मांगेलीला, आणि दोघे मिळून पुण्याच्या प्रमाण मराठीला. त्यांना ते शोभते, कारण तिन्ही त्यांना बोलता येतात. ज्याला एकच येते, त्याने आधी दुसरी शिकून घ्यावी. हसण्यासारखे नेमके कुठे आहे, ते तरी मग कळेल.