हॉर्न की एसी?

मराठवाड्यात गाडीचा एसी हिवाळ्यात सहसा बिघडत नाही, कारण हिवाळ्यात तो कुणी लावतच नाही. ‘उगं कशाला पेट्रोल जाळायचं?’ म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत त्या बटणाला सुट्टी असते. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच नळ्यांतून फिरतं. महिनोन्‌महिने ते फिरलं नाही की आतली सिलं कोरडी पडतात आणि गॅसला बाहेरची वाट सापडते. म्हणून थंडीतही अधूनमधून पाच-दहा मिनिटं एसी चालवावा, असं जाणकार सांगतात. ऐकतो कोण? मग एसी आपला हिशेब मे महिन्यात चुकता करतो. पारा 42 वर, दुपारची वेळ आणि गाडीत सासुरवाडीची माणसं, असा मुहूर्त तो बरोबर साधतो.

आमच्या एसीने या कामासाठी मुदखेडचा बाजार निवडला. ब्लोअर जोरात चालू होता, पण वारा बाहेरच्या उन्हाचाच. मुदखेड हे रेल्वेचं जंक्शन. इथून एक मार्ग निजामाबादकडे जातो, दुसरा किनवटवरून आदिलाबादला. गावाला फाटे फुटायची सवयच असल्यामुळे असेल, बॉनेट वर होताच निदानंही दिशादिशांनी आली. फुलांच्या करंड्या घेऊन टेम्पोची वाट बघणारे काका म्हणाले, ‘‘गॅस गेला बघा, मालक.’’ केळीवाल्याच्या मते कंप्रेसर बसला होता. मागच्या सीटवरून मेहुण्यांनी सर्वांत खात्रीचा उपाय सांगितला, ‘‘दाजी, गाडीच बदला!’’

बहुमत अर्थातच गॅसच्या बाजूने होतं. ‘गॅस संपला’ हे आपल्याकडचं सर्वमान्य निदान आहे, कारण त्यात कुणाचाच दोष निघत नाही आणि काही शोधावंही लागत नाही. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो. डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता शोषून घेतो, आणि फिरून कंप्रेसरकडे येतो. कमी झालाच असेल तर तो गळालेला असतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आणखी एक गोष्ट त्या बाजारात उभं राहून नीट कळली. एसी गारवा तयार करतच नाही. आपली उष्णता उचलून बाहेर उभ्या असलेल्यांच्या अंगावर टाकतो. तरी फुलवाल्या काकांनी सल्ला फुकट दिला, हा त्यांचा मोठेपणा.

तेवढ्यात कुणीतरी मिस्त्रीला घेऊन आलं. विशी-बाविशीचा पोरगा. ‘‘जरा गप ऱ्हावा की समदे,’’ म्हणाला आणि इंजिनाकडे कान लावून उभा राहिला. ‘‘सर, एसी चालू करा. बंद करा. पुन्हा चालू करा.’’ मग मान हलवली. ‘‘टक येईना.’’

बेल्टमुळे कंप्रेसरची पुली सतत फिरत असते, पण पुढची चुंबकीय क्लच चिकटल्याशिवाय खुद्द कंप्रेसर फिरत नाही. ती चिकटते तेव्हा ‘टक’ असा आवाज येतो. ही सोय पूर्वी नव्हती. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलमध्ये एसी दिला, तेव्हा तो पुरता बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून बेल्टच काढावा लागे. त्यांचा बंद होत नव्हता, आमचा चालू होत नव्हता. एवढी प्रगती झाली आहे.

गॅस फारच कमी असला तर प्रेशर स्विच क्लचपर्यंत वीज जाऊ देत नाही. तेव्हा बहुमताचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. पण फुकटात तपासता येतं ते आधी तपासायचं, हा मिस्त्रीचा शिरस्ता. फ्यूज पाहिला, शाबूत. मग त्याने एसीचा रिले उपटला आणि शेजारचा हॉर्नचा रिले त्या जागी बसवला. बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही रिले सारखेच असतात. टक! थोड्या वेळात गार वारा आला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘देव भलं करो लेकराचं.’’

‘‘आता हॉर्न वाजायचा नाही,’’ लेकरू म्हणालं. ‘‘नवा रिले नांदेडला मिळतो. तवर ठरवा, हॉर्न पायजे का एसी?’’

गाडीत मतदान झालं. हॉर्नला एकही मत पडलं नाही.

नांदेड तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. आपल्याकडे हॉर्न नुसता इशारा नसतो. राग, ओळख, रामराम आणि फावल्या वेळेतली करमणूकही त्यातच असते. बिनहॉर्नचा माणूस एकदम सभ्य होतो. केळीच्या टेम्पोमागे मी शिस्तीत अंतर राखून चाललो. म्हशी आडव्या आल्या, तेव्हा थांबलो. त्या हॉर्न असताना जेवढ्या वेळात रस्ता सोडतात, तेवढ्याच वेळात त्यांनी सोडला. एसी बंद असता तर याच म्हशींवर मी पाच मिनिटं बोंबललो असतो. तेव्हा लक्षात आलं, की माणसाची उष्णता बाहेर टाकायला गाडीत दोन यंत्रं दिली आहेत : एक कंडेन्सर, दुसरा हॉर्न. दोघांना एकच रिले चालतो, यात नवल काय?

नांदेडला नवा रिले मिळाला. कंप्रेसरच्या धास्तीपुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ होती. आता दोन्ही यंत्रं चालू आहेत, म्हणजे थंड डोक्याने हॉर्न वाजवायची सोय झाली. काचा बंद असल्यामुळे तो आम्हाला फारसा ऐकूही येत नाही. उष्णतेसारखा तोही बाहेरच्यांच्याच वाट्याला जातो.