वीस मिनिटांची भाजी

व्हिडिओतली मेथी-चवळी वीस मिनिटांत होते. साहित्याच्या यादीत मात्र असतं: रात्रभर भिजवलेली चवळी एक वाटी, निवडून धुतलेली मेथी एक जुडी. कोणी भिजवली, कोणी निवडली, हे विचारायचं नाही.

मुंबईत हे काम लोकलच्या महिला डब्यात उरकतं. संध्याकाळच्या विरार गाडीत बसायला जागा मिळालीच, तर मांडीवर पिशवी पसरून मेथी खुडली जाते, शेंगा सोलल्या जातात. घरी उरते ती फोडणी, आणि घड्याळ लावतात तिच्यापासून.

कडधान्यांना ऑफिसच्या वेळा कळत नाहीत. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करायचं तर दोन दिवस हवेत. राजमा कच्चट राहिला तर त्यातलं लेक्टिन पोटाला धडा शिकवतं. त्यातल्या त्यात समजूतदार मुगाची डाळ: न भिजवता, चिरलेल्या पालकासकट कुकरच्या तीन शिट्ट्यांत शिजते. वर लसणाची चरचरीत फोडणी, सोबत भाकरी. (व्हिडिओत हिचा 'प्रोटीन बोल' होतो आणि भाकरी गायब.)

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. घरातल्या पुरुषांनी मेथी निवडायला बसण्याचं वर्ष अजून कोणी जाहीर केलेलं नाही.