बाळंतविड्याच्या काकू

सावेडीतल्या एखाद्या घरी नव्या सुनेला सकाळी मळमळलं, तर सासूला शंका येते दुपारी, डॉक्टरांची खात्री होते दोन दिवसांनी आणि काकूंच्या सुईवर टाके चढतात त्याच संध्याकाळी. लोकर पिवळी. गुलाबी नाही नि निळीही नाही, कारण मुलगा की मुलगी हे आधी जाणून घेणं कायद्यात बसत नाही. 1994 च्या त्या कायद्याचा इतका कडक अंमल सरकारलाही जमला नसेल. माहेरी कधी नि कसं सांगावं, याचा विचार सून बिचारी अजून करत असते, तोवर काकू तिला जिन्यात गाठून विचारतात, "तुझं डोकं लहानपणापासून असंच मोठं का गं? काही नाही, टोपड्याला टाके किती घालायचे ते ठरवायचंय."

नगरच्या दर कॉलनीत अशा एक तरी काकू असतात. कुठे त्या निवृत्त शिक्षिका असतात, कुठे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, कुठे जन्मभर घर सांभाळलेल्या. हात रिकामे राहिले की त्यांना कसंसंच होतं, ही खूण मात्र सगळ्यांची एक. बाळंतविडा हा त्यांचा मुख्य विषय. झबलं, टोपडं, कुंची, लाळेरं, पायमोजे, दुपटं, सगळं एका रंगाचं आणि सगळं बाराव्या दिवसाच्या आत. रुखवत, संक्रांतीचं वाण, गौरींपुढची आरास, दाराची तोरणं हे जोडविषय.

काकूंच्या घरात उघडी वस्तू एकही नाही. फ्रिजच्या दांडीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. लँडलाइन बंद होऊन कैक वर्षं झाली, पण फोनचं क्रोशाचं कव्हर दर दिवाळीला धुऊन, खळ देऊन परत त्याच्यावर चढतं. टीव्हीला वरून झालर आहे. ती चार बोटं खाली उतरते, त्यामुळे बातम्या देणाऱ्यांचे भांग काकांनी आजवर पाहिलेले नाहीत. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला कार्तिकात स्वेटर चढतो आणि उन्हाचा चटका बसायला लागला तरी उतरत नाही. गुरुजींनी एकदा सुचवून पाहिलं. काकू म्हणाल्या, "तुम्हाला उकडतंय म्हणून त्याला उकडतंय असं कोण म्हणालं?"

नगरची थंडी खरं म्हणजे दीड-दोन महिन्यांची. डिसेंबरात पारा दहाच्या खाली येतो, गल्लीबोळात शेकोट्या पेटतात, लोक कानटोप्या शोधायला लागतात. त्या सापडेपर्यंत संक्रांत येते नि थंडी जाते. मे महिन्यात तर चाळिशीच्या पुढं. पण काकूंना हवामानाचं बंधन नाही. जिल्ह्यात बारमाही म्हणावं असं फार थोडं आहे. काकूंचं लोकरकाम त्यातलं एक.

त्या टाके मोजत असताना जवळ बसणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. त्या मोजतातही आणि बोलतातही. "एकेचाळीस, बेचाळीस, तुझी शेवगावला बदली झाली म्हणे, त्रेचाळीस, मग डबा कोण देणार, चव्वेचाळीस, आई येईल का तिकडे, पंचेचाळीस." यावर उत्तर द्यायचं नसतं. दिलं आणि मोजणी चुकली, तर अख्खी ओळ उसवावी लागते आणि ती उसवलेली ओळ कायमची तुमच्या खात्यावर जमा होते. कॉलनीत असे बरेच थकबाकीदार आहेत.

काका हे या उद्योगाचे एकमेव कर्मचारी. लोकरीची लडी दोन्ही हातांत ताणून धरून बसायचं आणि काकू गुंडा करत असताना हात डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, हे त्यांचं काम. लडी हातात असताना त्यांना पेपर उलटता येत नाही, चहा घेता येत नाही, नाक खाजवता येत नाही. बँकेचा माणूस आला तर "जरा माझ्या खिशातलं पेन काढा" असं सांगून ते सहीला हात पुढे करतात, लडीसकट. काका झेडपीचे शिक्षक होते आणि शाळेत असताना टकळीवर सूत काढायला शिकले होते. पेळू डाव्या हातात, टकळीला चिमटीनं पीळ, धागा तुटला की मास्तरांची छडी. त्या जोरावर आपल्यालाही या शास्त्रात बोलायचा अधिकार आहे, असं ते समजतात.

एकदा त्यांनी इतिहासाचा दाखला काढला. "अगं, नेहरूंनी तुरुंगात सूत कातलं आणि त्या सुताची साडी इंदिराबाईंनी लग्नात नेसली. मार्च 1942 मधलं लग्न. ऑगस्टमध्ये त्याच नेहरूंना धरून आणलं ते आपल्या किल्ल्यात. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं त्यांनी. म्हणजे माणसाला तुरुंगात टाकल्याशिवाय सूतही निघत नाही आणि पुस्तकही. मी दोन्ही हात बांधलेला माणूस, माझ्याकडून काय व्हायचं?"

काकूंनी सुई थांबवली. "पुस्तकाचं राहू द्या. साडी नेसली ना लेकीनं?"

"नेसली."

"मग झालं तर. आमच्या सुनेनं शाल अजून घडीतून काढली नाही. हात वर घ्या."

इथं काकूंच्या स्वभावाची खरी गोम आहे. लोक समजतात, या भेटी देतात. भेट दिली की विषय संपतो. काकूंचा तिथून सुरू होतो. दिलेल्या वस्तूचं पुढं काय झालं याची तपासणी त्या एखाद्या ऑडिटरसारखी करतात, तीही न कळवता. चहाला म्हणून येतील, पाणी घेतील आणि नजर मात्र दारावर: तोरण आहे का, कुठल्या दाराला आहे, पुढच्या की मोरीच्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काकूंचं मण्यांचं तोरण एका बारशात कुणाला तरी देऊन टाकलं. ते तीन घरं फिरून, तीन आहेरांतून, संक्रांतीला काकूंच्याच घरी आलं. काकूंनी ते हसून घेतलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सातवी लड सैल आहे. माझीच." नंतर त्यांनी एकेक घर मागे जात चौकशी पूर्ण केली. वरच्या बाई अजून लिफ्टनं जात नाहीत. लिफ्टमध्ये काकू भेटतात.

रुखवतात तर त्या परीक्षकच. कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलावर नवरीची भांडीकुंडी, रुमाल, भरतकाम, लोकरीचे ससे, बडीशेपेचा बंगला मांडलेला असतो. वऱ्हाडी फोटो काढून पुढं जातात. काकू थांबतात. रुमाल हातात घेऊन मागची बाजू बघतात. पुढून सगळ्यांचंच भरतकाम छान दिसतं, हात कुणाचा आहे ते मागून कळतं. गाठी कुठं मारल्यात, दोरा किती लांब ओढलाय, एक फूल संपवून दुसऱ्यावर जाताना आळस केलाय का. "मशीनवरचं आहे," त्या हळू आवाजात निकाल देतात. हळू म्हणजे मांडवाच्या दारात सनईवाल्याला ऐकू जाईल इतका हळू.

17 मार्च 2023 ला एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं आणि ही तपासणी तालुक्यांपर्यंत पोचली. त्याआधी लांबचे नातेवाईक निर्धास्त असत. आता माळीवाड्याच्या स्टँडवर काकू पिशवी घेऊन उभ्या दिसल्या, की पाथर्डीत कुणाचं तरी बाळ घाईघाईनं टोपडं घालून तयार होतं. करंजी घाटाच्या वळणावर अर्धी गाडी खिडकीबाहेर तोंड काढून बसलेली असते, काकूंचा टाका सुटत नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळानं राज्यात पहिला असा हा जिल्हा. इतक्या लांब पसरलेल्या गोतावळ्याचा हिशेब त्या डायरी न ठेवता ठेवतात.

गोधडी हा मात्र काकूंचा गंभीर विभाग. तिथं विनोद खपत नाही. गोधडीला जुनी सुती साडी लागते, धुऊन धुऊन मऊ झालेली. सिंथेटिक साडी त्या हातात धरत नाहीत. ती आत घसरते, गोळा होते आणि अंगाला लागत नाही. आता सुती लुगडी नेसणाऱ्या बायकाच कमी, त्यामुळे काकूंची नजर सतत शोधावर असते. एखाद्या म्हातारीच्या अंगावरचा पदर दोन बोटांत धरून त्या म्हणतात, "छान विरलंय हो." ऐकणारीला हे कौतुक आहे की मागणी, ते कळत नाही. दहाव्याला गेल्या तर सांत्वन आटोपून थोड्या वेळानं विचारतात, "आजींची लुगडी कुणी घेतली?" ऐकून माणसं आधी चमकतात. पुढं दोन-तीन महिन्यांनी त्या लुगड्यांची गोधडी घरी येते, तेव्हा त्याच घरातला थोरला मुलगा, चारचौघांत कधी डोळे न पुसलेला, ती उशाशी घेऊन बसतो.

ती शिवताना बघण्यासारखी असते. फरशीवर साडी ताणून पसरायची, पोटात जुनी चादर, धोतर, परकराचे तुकडे, वर दुसरी साडी. चारी कडा आधी पक्क्या. मग कडेनं आत, आत, चौकोनातून चौकोन काढत धावदोरा. अंगुस्तान असतं, पण काकू ते घालत नाहीत. घातलं की हाताला कापड कळत नाही म्हणतात. त्यांच्या तर्जनीच्या टोकाला इतका घट्टा आहे, की बँकेच्या अंगठ्याच्या यंत्रानं ते बोट ओळखायचं नाकारलं. कर्जतचं ग्रामदैवतच मुळी गोदड महाराज, कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो. तेव्हा गोधडीला नाकं मुरडणाऱ्यांनी या जिल्ह्यात जपून राहावं, असं काकूंचं म्हणणं.

एकाच बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. पारनेरकडच्या एका मेंढपाळाकडं त्यांनी कातरलेल्या लोकरीची पोती पडून असलेली पाहिली. घोंगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, लोकरीला भाव नाही, कातरणीचे पैसेही निघत नाहीत म्हणून लोक ती फेकून देतात, हे ऐकून काकूंचा जीव कळवळला. त्यांनी एक पोतं घेतलं, धनगरवाड्यातल्या एका आजीकडून सूत काढून घेतलं आणि थोरल्या जावयाला स्वेटर विणला. आता दख्खनी मेंढीची लोकर ही घोंगडीची. जाड, राठ, काळीभोर. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती पाऊस अडवते, काट्यात टिकते, माणसाला जन्मभर पुरते. पण तिला कुणी बनियनवर घालत नाही. जावईबापू दिवाळीचे चार दिवस तो स्वेटर घालून सासुरवाडीत बसले आणि चारही दिवस पाठ दाराच्या चौकटीला घासत राहिले. काकू कौतुकानं म्हणाल्या, "बघा, काढवत नाहीये अंगातून." पाचव्या दिवशी जावयांना ऑफिसचं तातडीचं काम निघालं.

जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा कट्ट्यावर बराच वाद झाला. काकूंनी त्यात एकच मुद्दा मांडला. "चौंडीची ही लेक महेश्वरला गेली आणि तिनं तिथं विणकरांना आणून माग बसवले. पाहुण्यारावळ्यांना द्यायला साड्या नि पागोटी तिथंच विणून घ्यायची म्हणे. आहेर बाजारातून आणला नाही तिनं." एवढं बोलून त्यांनी कट्ट्यावरच्या पुरुषांकडं पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी आदल्याच आठवड्यात एका मुंजीत पाकिटं दिली होती.

पुण्याच्या भाचीला यात धंदा दिसला. हातानं केलेल्या वस्तूंना आता शहरात मोठी मागणी आहे, मावशी, तू नुसतं विणत जा, फोटो मी टाकते, पैसे खात्यात येतील. काकू आधी रागावल्या. मग भाची दुखावेल म्हणून तयार झाल्या. पहिली मागणी आली कोथरूडहून, पिवळा बाळंतविडा, एक संच. भाचीनं फोन नंबर दिला, इथंच चुकलं. काकूंनी फोन करून बाळाच्या डोक्याचा घेर विचारला. मग आजीचं माहेर. मग त्या माहेरचा वाडा. पाऊण तासानं नेवाशातली एक चुलत आत्या दोन्हीकडून निघाली.

"घरातलेच निघाले गं," काकूंनी भाचीला कळवलं. "पैसे कसे घेणार? वर कुंचीला मोती लावून दिलेत."

दुसरी मागणी श्रीरामपूरची. तिथं तर साडूंचे साडू निघाले. तिसरी संगमनेरची, तिच्यात फक्त शाळेतली मैत्रीण निघाली, पण ती एका बाकावरची. लोकरीचं बिल भाचीच्या कार्डावर चढत गेलं. शेवटी तिनं जाहिरातीत ठळक अक्षरांत टाकलं: फक्त महाराष्ट्राबाहेरील ग्राहकांसाठी.

परवा एका बाईंचा फोन आला. बाळंतविडा आणि एक गोधडी, पैसे आगाऊ द्यायला तयार. भाची शेजारी बसून डोळ्यांनी खुणा करत होती, की मावशी, काही विचारू नकोस, नुसतं हो म्हण. काकूंनी एवढंच विचारलं, "आपण कुठून बोलताय?"

"इंदूरहून."

"इंदूर!" काकूंनी सुया खाली ठेवल्या. "म्हणजे होळकरांचं इंदूर. अहो, आमच्या चौंडीच्या लेकीचं सासर ते. तुमच्याकडून पैसे घेतले तर जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहील का मला? बरं, बाळाचं डोकं केवढं आहे?"