तरंगणारा मध्यमवर्ग

आफ्रिकन विकास बँकेने २०११ साली जाहीर केले की खंडातला जवळजवळ दर तिसरा माणूस मध्यमवर्गीय आहे. अट सोपी: दिवसाला माणशी २ ते २० डॉलर खर्च, तेही खरेदीशक्तीच्या हिशेबातले डॉलर. यातले सुमारे साठ टक्के २ ते ४ डॉलरवाले. त्यांना बँकेने ‘तरंगता वर्ग’ म्हटले. एका आजारपणात बुडतील, पण मोजणीच्या दिवशी डोके पाण्याबाहेर होते ना, मग झाले! २०१५ मध्ये नेस्लेने आफ्रिकेतल्या २१ देशांतले १५ टक्के कर्मचारी कमी केले. मध्यमवर्ग फारच चिमुकला निघाला म्हणे. आपण कधी वर चढलो नि कधी उतरलो, याचा पत्ताच नसलेली नैरोबीतली भाजीवाली सुकुमा या पालेभाजीच्या जुड्या बांधत होती.